बिअर प्यायली की अंगावर पित्त उठतं, व्हिस्कीने काहीच होत नाही. असं कुणाला होतं का?

हिंजवडीचा_वाटसरू :
मंडळी, आधीच सांगतो, पिण्याचं समर्थन करायला हा धागा नाही आणि सोडण्याचे सल्ले मागायलाही नाही. प्रश्न चामडीचा आहे. वय ३६, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मित्रांबरोबर बसणं होतं, तेवढंच. गेल्या वर्षापासून असं व्हायला लागलंय की बिअर घेतली की अर्ध्या-पाऊण तासात आधी तळहात आणि कान खाजायला लागतात, मग पोटावर, मांड्यांवर लाल गांधी, इतक्या की शर्टसुद्धा अंगाला नको वाटतो. एकदा वरचा ओठही सुजला होता. सकाळी उठावं तर सगळं साफ, कुणाला दाखवायला जावं तर पुरावाच नाही. व्हिस्की घेतली तर मात्र काहीही होत नाही. आणि बिअरनेही दरवेळी होतं असं नाही, हे आणखी डोकं खाणारं. मित्र म्हणतात बिअर बदलून बघ, बायको म्हणते वरून इशारा आलाय, तो घे. कुणाला असा अनुभव आहे का? आणि बसायच्या आधीच एक सेट्रिझिन घेऊन टाकली तर चालेल का?

पाव_किलो :
वहिनींशी सहमत. धागा बंद करायला हरकत नाही.

खारी_बटर :
व्हिस्कीने होत नाही ना? मग अडचण नक्की काय आहे?

अण्णा_सातारकर :
शरीर नको म्हणतंय तर ऐकावं माणसाने. आमच्या वेळी अंगावर पित्त उठलं की आई आमसुलं भिजत घालायची आणि तेच पाणी अंगाला चोळायची, घोंगडीवर झोपवायची. गोळ्या नव्हत्या. आणि बिअरही नव्हती म्हणा.

खारी_बटर :
अण्णा, बिअर होती, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

गवतीचहा :
मला बिअरने नाही, रेड वाईनने होतं. पण माझं वेगळं आहे, गांधी वगैरे नाहीत, अर्ध्या ग्लासात गाल, नाक, कपाळ भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं तापतं आणि लाल होतं, मी सावळी आहे त्यामुळे दुसऱ्यांना फारसं दिसत नाही, मला मात्र आतून जळतं. किती वर्षं मी वाईनची ॲलर्जी म्हणूनच सांगायचे सगळ्यांना. मग पुरळ पण यायला लागलं तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं रोझेशिया. वाईन हे फक्त निमित्त, गरम चहा, ऊन, तिखट रस्सा यानेही तेच होतं, आणि खरंच होत होतं, मी कधी जोडूनच बघितलं नव्हतं. सावळ्या रंगावर हे ओळखायचं राहून जातं असं त्या म्हणाल्या. तर वाटसरू, तुमचं लाल होणं आणि माझं लाल होणं एक नाही एवढंच सांगायचंय.

माल्ट_मामा :
घरी बिअर बनवण्याचा नाद आहे त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो :)

बिअर आणि व्हिस्की दोन्ही सातूच्याच माल्टपासून होतात, मग एकाने होतं आणि दुसऱ्याने नाही हे कसं? तर व्हिस्की ऊर्ध्वपातन करून काढलेली असते. वाफ होऊन वर जातं ते अल्कोहोल, थोडं पाणी आणि वासाची द्रव्यं. प्रथिनं बुडाशी भांड्यातच राहतात. बिअर मात्र नुसती आंबवलेली, गाळलेली. सातूतली काही प्रथिनं, त्यातलं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन म्हणजे एलटीपी हे तर फार चिवट, उकळलं तरी टिकतं आणि आंबवण्यातूनही जातं, ते बाटलीपर्यंत येतं. बिअरची खरीखुरी ॲलर्जी असलेले लोक असतात त्यांच्यात बऱ्याचदा हेच सापडतं. त्यात पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत हल्ली सगळ्यांना गव्हाची बिअर लागते, म्हणजे सातू अधिक गहू. वाटसरू, तुम्ही कुठली घेता? मला तरी हे सरळ सातूचं प्रकरण वाटतं.

शंकासुर_पुणेकर :
मामा, सातूची ॲलर्जी असती तर दरवेळी व्हायला नको का? तो स्वतः म्हणतोय की दरवेळी होत नाही. तिथेच तुमची थिअरी बसली खाली. माझ्या मते बिअरमध्ये जी केमिकलं घालतात त्याचा हा परिणाम.

माल्ट_मामा :
कुठली केमिकलं ते सांगा, मग बोलू.

शंकासुर_पुणेकर :
सल्फाईट. वाईनच्या बाटलीवर तर लिहिलेलंच असतं.

माल्ट_मामा :
वाईनवर लिहितात कारण लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाईट असलं तर लिहावंच लागतं, आणि वाईनमध्ये ते बहुतेक वेळा असतंच. आंबताना यीस्ट स्वतःही थोडं तयार करतं. पण गंमत अशी की साधारणपणे पांढऱ्या वाईनमध्ये ते लालपेक्षा जास्त असतं, आणि 'मला वाईन सोसत नाही' म्हणणारे लोक बोट लाल वाईनकडे दाखवतात. त्या दुकानात मिळणाऱ्या केशरी जर्दाळूंना तर कितीतरी जास्त सल्फाईट लावलेलं असतं, ते खाऊन कुणी ओरडत नाही.

रात्रपाळी :
सल्फाईटचा त्रास खरा आहे पण तो जास्त करून दमेकऱ्यांना होतो, छातीत घरघर, खोकला. त्वचेवर कमी. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, शुक्रवार-शनिवारच्या रात्री आमच्या इमर्जन्सीत अशी माणसं येतातच, अंग लाल करून. आमचा पहिला प्रश्न काय प्यायलात हा नसतोच, आज कुठली गोळी घेतलीत हा असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्यांनी पित्ताच्या गांधी भडकतात, वर दारू असेल तर विचारूच नका. आपल्याकडे तर बसायच्या आधी 'डोकं दुखायला नको' म्हणून एक गोळी टाकणारे महाभाग आहेत. तुम्ही घेता का काही, पाठदुखीसाठी वगैरे?

योकोहामाकर :
इथे जपानमध्ये तर हे रोजचं दृश्य. ऑफिसच्या पार्टीत अर्धा ग्लास बिअर झाली की निम्मं टेबल टोमॅटो. पहिल्यांदा मला वाटलं हे लोक फारच लवकर चढवून घेतात. नंतर कळलं की नशा वेगळी आणि हे वेगळं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाईड करतं, ते विषारी, मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. जपान, चीन, कोरियाकडच्या खूप लोकांत, साधारण तीनात एकाला, या एन्झाइमचं जनुकच बिघडलेलं असतं. मग ॲसिटाल्डिहाईड साचतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, तोंड लाल, छाती धडधड, मळमळ.

इथे एक साधी चाचणी करतात, ७० टक्के अल्कोहोल लावलेली पट्टी दंडाच्या आतल्या बाजूला ७ मिनिटं चिकटवायची, काढून बघायचं आणि १० मिनिटांनी पुन्हा बघायचं. लाल झालं तर तुम्ही त्या गटातले. माझी कोरी निघाली तेव्हा कलीग म्हणाला, वाईट झालं, आता तुला नाही म्हणायला कारण उरलं नाही.

पाव_किलो :
ही चाचणी आपल्याकडे सुरू करा, सगळे आनंदाने फेल होतील आणि घरी दाखवायला सर्टिफिकेट मागतील.

शंकासुर_पुणेकर :
मग वाटसरूला हेच असेल की.

योकोहामाकर :
नसावं. एक तर हे मराठी माणसात फार क्वचित, ईशान्य भारतात काही ठिकाणी आढळतं. दुसरं म्हणजे त्या एन्झाइमला बिअर आणि व्हिस्की यातला फरक कळत नाही. अल्कोहोल कुठलंही असो, तोंड लाल होणारच.

दुपारची_ओपीडी :
त्वचारोगतज्ज्ञ आहे, धाग्यावर बघून निदान करत नाही, पण इतकं सगळं एकाच पातेल्यात ढवळलं जातंय की राहवेना.

गवतीचहा यांनी लिहिलंय ते आणि योकोहामाकरांचं, दोन्ही फ्लशिंग. म्हणजे चेहरा-मान गरम आणि लाल, खाज नसते किंवा अगदी कमी, फुगवटा नाही. वाटसरूंचं वर्णन अर्टिकेरियाचं आहे, आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो ते. उंचवटे, प्रचंड खाज, आणि प्रत्येक गांध २४ तासांच्या आत जागेवर खूण न ठेवता जाते. म्हणूनच डॉक्टरांकडे पोचेपर्यंत काही दिसत नाही. पुढच्या वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आम्हाला तो सोन्यासारखा. ओठ सुजला होता हे तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत, मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. ओठ, पापण्या, जीभ सुजणं म्हणजे सूज खोलवर गेली. त्याच्या जोडीला आवाज बसला, श्वास लागला, उलटी झाली, चक्कर आली तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, तिथे सेट्रिझिन शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता तुमचा सेट्रिझिनचा प्रश्न. आधी घेऊन बसू नका. खाज दबेल, पण मोठी रिॲक्शन ती थांबवत नाही, उलट सुरुवातीची सूचना मिळायची ती मिळणार नाही. शिवाय दारू आणि ही गोळी दोन्हींनी झोप येते, गाडी चालवायची असेल तर आणखी वाईट. (दारू पिऊन गाडी चालवायचीच नाही हे गृहीत धरते.) ॲव्हिल तर त्याहून पेंगवणारी.

खुद्द अल्कोहोलची, म्हणजे इथेनॉलची ॲलर्जी अत्यंत दुर्मिळ. त्यामुळे बाकी सगळं तपासायचं. प्रश्न असे : त्या दिवशी काय खाल्लं? कुठली गोळी घेतली? आधी किंवा नंतर व्यायाम, नाच, पळापळ झाली का? बिअर घेऊन काही झालं नाही ते दिवस कोणते होते?

हिंजवडीचा_वाटसरू :
बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. गोळी काही नाही. मामा, बिअर साधी लागरच, कधी गव्हाची, दोन्हींनी झालंय. खाण्याचं म्हणाल तर चखणा, दुसरं काय.

दुपारची_ओपीडी :
चखणा म्हणजे काय काय ते नीट लिहा.

हिंजवडीचा_वाटसरू :
बिअर आम्ही बहुतेक एका ठरलेल्या ठिकाणी घेतो, तिथली कोळंबी कोळीवाडा झकास, ती असतेच. कधी अलिबागला जातो तेव्हाही बिअर आणि कोळंबीच. व्हिस्की म्हणजे गच्चीवर, शेंगदाणे, उकडलेली अंडी, फार तर चिकन. पण डॉक्टर, कोळंबी मी लहानपणापासून खातोय, घरी महिन्यातून दोनदा तरी कोळंबी भात असतो, काहीही होत नाही. तो मुद्दा निकालात.

खारी_बटर :
मला वाटतं निकाल आत्ताच सुरू झालाय.

दुपारची_ओपीडी :
हे घरी परत करून बघू नका, हे आधी लिहिते. 'आज नुसती बिअर, उद्या बिअर आणि कोळंबी' असे प्रयोग अजिबात नकोत, ओठ सुजून झालाय एकदा. ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. काही लोकांना एखादा पदार्थ एरवी पचतो, पण त्याच वेळी दारू, दुखण्याची गोळी किंवा जोराचा व्यायाम असला की रिॲक्शन येते. याला सहकारक म्हणतात. दारूने आतड्याचं अस्तर जास्त झिरपू लागतं, पदार्थातली प्रथिनं एरवीपेक्षा जास्त रक्तात पोचतात. म्हणजे गुन्हा कोळंबीचा असू शकतो आणि दार बिअरने उघडून दिलं असू शकतं. असू शकतं, असं म्हणतेय.

वेंगुर्ल्याची_पोर :
डॉक्टर, दारू आणि त्वचेचं आमच्याकडचं एक सांगू का? आमच्याकडे उन्हाळ्यात उर्राक आणि फेणीचा सीझन, गोव्याहून येते, इथेही लागते. एक पाहुणे मुंबईहून आलेले, फेणीचे दोन घोट घेतले आणि ओठाभोवती फोड, जळजळ. सगळे म्हणाले फेणीत काजूचं तेल असतं ते उतलं. पण फेणी बोंडाच्या रसाची, काजूबीचा तिच्याशी काय संबंध? बोंडं तुडवून रस काढतात, बी आधीच पिळून वेगळी केलेली असते. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की हे साहेब सकाळी झाडाखाली बसून ओले काजूगर सोलत होते, सुरी न वापरता दाताने. टरफलातलं तेल लागलं ओठाला. आमच्याकडच्या बायका ओले गर काढायला बसतात त्या आधी हातांना खोबरेल चोळतात, तरी सीझन संपेपर्यंत बोटांची सालं निघतात, काळी पडतात.

तिठ्यावरचा :
बरोबर बोललीस गो. म्हापशाकडे आमच्यात पण तसंच. पण उर्राक पिऊन खाजवणारे पण आहेत हां.

दुपारची_ओपीडी :
काजूच्या टरफलातलं तेल म्हणजे बिब्ब्याच्या घरचंच. काजू, बिब्बा, आंबा सगळे एकाच कुळातले. कैरीच्या देठाचा चीक लागून मुलांच्या तोंडाभोवती चट्टे येतात तेही याच नात्यातलं. याला काँटॅक्ट डर्माटायटिस म्हणतात, लागलेल्या जागीच होतो, बहुधा एक-दोन दिवसांनी फुलतो, दात-बी असा थेट संबंध आला तर लगेच भाजल्यासारखंही होतं. ती दारूची रिॲक्शन नाही.

आणि गोव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. समुद्रावर बसून पेयात लिंबं पिळायची, हात न धुता उन्हात बसायचं, दोन दिवसांनी हातांवर, बोटांच्या बेचक्यात, कधी मांडीवर ओघळाच्या आकाराचे काळे पट्टे किंवा फोड. लोक म्हणतात स्वस्त दारूने झालं. लिंबाच्या सालीत आणि रसात जी द्रव्यं असतात ती उन्हात त्वचा जाळतात. परदेशात याला मार्गारिटा डर्माटायटिस असंच नाव पडलंय.

पाव_किलो :
म्हणजे लिंबू सरबत पिऊनही हे होऊ शकतं, फक्त कुणी आपल्याला त्यावरून बोलणार नाही.

जिन_जोशी :
डॉक्टर, माझं पण सांगतो, धाग्यावर आलोच आहे. जिन-टॉनिक घेतलं की दुसऱ्या दिवशी माझ्या खालच्या ओठावर एक गोल डाग येतो, आधी लालसर, मग जांभळट काळा, महिनाभर राहतो. पुढच्या वेळी बरोब्बर त्याच जागी. जिन बदलून बघितली, महागडी घेतली, तरी तेच. नुसती जिन लिंबूपाण्याबरोबर घेतली तर नाही येत.

दुपारची_ओपीडी :
उत्तर तुम्ही शेवटच्या वाक्यात दिलंय. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं, कडवटपणा त्याचाच. औषधाने त्याच-त्याच जागी येणाऱ्या डागाला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात आणि टॉनिकमधल्या क्विनीनने तो येतो हे जुनं माहीत आहे. टॉनिक थांबवा, डाग कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, आणि मलेरियासाठी वगैरे कधी क्विनीन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

जिन_जोशी :
सहा वर्षं लिपस्टिकवरून टोमणे खाल्ले मी.

अण्णा_सातारकर :
इतकी माहिती वाचून मला तर वाटतं पाणी पिणंसुद्धा धोक्याचं. पण एक गंभीर गोष्ट विचारतो. आमच्या भागात भिंतीवर जाहिराती असतात, 'न सांगता दारू सोडवा', जेवणात-चहात पूड मिसळायची. आमच्या शेजारच्या बाईने नवऱ्याला अशी दिली, तो संध्याकाळी पिऊन आला, तोंड लालभडक, घाम, उलट्या, छाती धडधडतेय, आम्ही जीपमध्ये घालून तालुक्याला नेला. वाचला. ही पण ॲलर्जीच का?

रात्रपाळी :
अण्णा, ॲलर्जी नाही, पण पुड्यांमध्ये डायसल्फिरॅम असणार अशी दाट शंका येते. ते औषध मुळात तेच करतं जे योकोहामाकर सांगतायत, एएलडीएच बंद पाडतं, मग दारू घेतली की ॲसिटाल्डिहाईड साचतं. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन या दोघांनी हे दारू सोडवायला वापरता येईल हे दाखवलं. त्याच्याही आधी रबर कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसत नाही हे लक्षात आलं होतं, कारण तिथे तसलीच रसायनं हाताळावी लागायची. औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय-यकृत तपासून. न सांगता दिलं तर जीव जाऊ शकतो. आणि गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे परिणाम राहतो.

अण्णा_सातारकर :
त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिने सगळं करून बघितलं होतं.

रात्रपाळी :
मीही देत नाहीये अण्णा. जाहिरात लावणाऱ्याला देतेय. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात, तिला कुणीतरी तिथवर नेलं असतं तर.

नवीन_सभासद_नागपूर :
जुलाबासाठी जी मेट्रोनिडाझोल देतात तिच्यावरही दारू चालत नाही म्हणतात ते हेच का?

दुपारची_ओपीडी :
तीच भीती. मेट्रोनिडाझोलबद्दल आता तज्ज्ञांत मतभेद आहेत, जेवढं सांगितलं जातं तेवढं खरंच होतं का म्हणून. पण सूचना अजून 'टाळा' अशीच आहे, कोर्स संपल्यावरही निदान दोन-तीन दिवस. टिनिडाझोल, काही सेफॅलोस्पोरिन, बुरशीची ग्रिझिओफल्विन यांच्याबाबतीतही सावध राहावं. जुलाब लागलेत तर बसायचं कशाला, असं एक माणूस म्हणून विचारते.

शंकासुर_पुणेकर :
बाकी सगळं ठीक, पण हे रक्त तपासून एका झटक्यात शंभर पदार्थांची ॲलर्जी सांगतात ते पॅकेज करून घेतलं की सगळे प्रश्न मिटतील. आमच्या सोसायटीत कॅम्प होता. मला बटाटा, वेलची आणि मूग निघाले. मी सोडलेत.

दुपारची_ओपीडी :
सोडायच्या आधी मूग खाऊन काही होत होतं का?

शंकासुर_पुणेकर :
नाही.

दुपारची_ओपीडी :
मग खा मूग. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीतली प्रतिपिंडं, सापडणं आणि तो खाऊन त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने कधी त्रास दिला नाही तो पदार्थ केवळ कागदावर आला म्हणून सोडायचा नसतो. आणि काही पॅकेजं आयजीई नाही, आयजीजी नावाची वेगळीच प्रतिपिंडं मोजतात, त्याने तर फक्त तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच कळतं. आधी हकीकत, मग त्या हकीकतीला धरून मोजक्या चाचण्या. मी या पॅकेजांवर फार चिडते हे माझ्या पेशंटना माहीत आहे.

पाव_किलो :
शंकासुरांना इडली-डोशाची ॲलर्जी निघाली असती तर पुण्यात राहणं मुश्कील झालं असतं.

गवतीचहा :
एक विचारू? मग रेड वाईनमध्ये हिस्टामाईन असतं म्हणतात ते खोटं का? माझी मैत्रीण जुनं चीज आणि रेड वाईन एकत्र घेतली की नाक गळून बेजार होते.

माल्ट_मामा :
खोटं नाही. आंबवताना जीवाणू हिस्टामाईन तयार करतात, लालमध्ये पांढरीपेक्षा साधारण जास्तच. मुरलेल्या चीजमध्येही असतं. आतड्यात डीएओ नावाचं एन्झाइम ते मोडतं, आणि दारू नेमकी त्याच एन्झाइमला अडवते. म्हणजे बाहेरून माल येतोय आणि नाक्यावरचा माणूस सुट्टीवर. नाक गळणं, डोकं ठणकणं, तोंड लाल, कधी गांधीसुद्धा. पण हे किती लोकांना खरंच होतं यावर डॉक्टर लोकच सांगू शकतील, मी आंबवण्यापुरता शहाणा.

हिंजवडीचा_वाटसरू :
मंडळी, अपडेट. बरेच दिवस गप्प होतो कारण ॲलर्जीवाल्या डॉक्टरांनी टेस्टच्या आधी आठवडाभर सेट्रिझिन-बिट्रिझिन बंद ठेवायला सांगितली होती, आणि तारीखही उशिराची मिळाली. हातावर थेंब टाकून टोचतात ती प्रिक टेस्ट केली. सातू कोरा, गहू कोरा, यीस्ट कोरं. मामा, माफ करा. कोळंबीला चांगला फुगवटा आला, आणि घरातल्या धुळीतल्या माइटला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याला, त्याहून मोठा. सकाळी उठल्या उठल्या ज्या दहा-बारा शिंका येतात त्या मी पुण्याच्या हवेवर ढकलत होतो.

त्यांनी माझ्या मोबाईलमधले जुने फोटो, तारखा सगळं समोर मांडून घेतलं. ज्या दिवशी गांधी उठल्या त्या प्रत्येक दिवशी कोळंबी आणि बिअर दोन्ही होत्या. ज्या दिवशी बिअर असून काही झालं नाही त्या दिवशी कोळंबी संपली म्हणून आम्ही पापलेट मागवलं होतं किंवा कुणीतरी शाकाहारी पाहुणा होता. त्यांनी सांगितलंय की कोळंबीचं निदान पक्कं करायचं तर हॉस्पिटलमध्ये, त्यांच्या नजरेखाली खाऊन बघावं लागेल, तोवर कोळंबी, खेकडा, शेवंड सगळं बंद, दारूबरोबर आणि दारूशिवायही.

दुपारची_ओपीडी :
छान काम झालं. माइट आणि कोळंबी हे जोडपं आमच्या ओळखीचं आहे. दोघांत ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंतलं प्रथिन जवळजवळ सारखं असतं, त्यामुळे धुळीच्या माइटने तयार झालेली ॲलर्जी कधी कधी कोळंबीवरही घसरते. घरी कोळंबी भात खाऊन काही न होणं आणि बिअरबरोबर होणं हे सहकारकाच्या हिशेबात बसतं. आपत्कालीन इंजेक्शनबद्दल विचारलंत का त्यांना?

हिंजवडीचा_वाटसरू :
हो. ते पेनसारखं मिळतं ते आपल्याकडे सहजी मिळत नाही म्हणाले. ॲड्रिनॅलीनची साधी कुपी आणि सिरिंज, कसं आणि किती द्यायचं ते बायकोला आणि मला शिकवलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि दिल्यावरही हॉस्पिटल गाठायचंच. बायकोने फार पटकन शिकून घेतलं. थोडं जास्तच पटकन.

शंकासुर_पुणेकर :
म्हणजे बिअर निर्दोष सुटली?

दुपारची_ओपीडी :
निर्दोष कुठली, दार तिनेच उघडलं. आणि व्हिस्कीबरोबर कोळंबी खाल्ली असती तर व्हिस्कीनेही उघडलं असतं. ती संधी कधी आली नाही इतकंच.

माल्ट_मामा :
सातू सुटला यातच मी खूष. वाटसरू, हिंजवडीहून आमच्या घरी यायला हरकत नाही. चखण्याला थालीपीठ.

अण्णा_सातारकर :
कोळंबी सोडवली पण दारू राहिली! धन्य आहे.

कोडग्रस्त_पण_मस्त :
धागा संपत आलाय तरी विचारते. मला चेहऱ्यावर कोड आहे, डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचं मलम दिलंय, डाग भरतायत चांगले. परवा भाच्याच्या लग्नात वाईनचा एक ग्लास घेतला तर दहा मिनिटांत जिथे जिथे मलम लावते नेमके तेच भाग लाल आणि गरम झाले, फोटोग्राफर समोरच उभा. तासाभरात गेलं. मलमाची ॲलर्जी झाली की वाईनची? बंद करू का?

दुपारची_ओपीडी :
दोन्हींची नाही. टॅक्रोलिमस लावणाऱ्यांपैकी काहींना दारू घेतली की असं होतं, औषधाच्या माहितीपत्रकातही ते दिलेलं असतं. त्याने डागांना अपाय होत नाही आणि कोड वाढत नाही. मलम मनाने बंद करू नका, डाग भरतायत तर मुळीच नको, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. ओठ सुजणं, गांधी, श्वास लागणं यातलं काही झालं तर मात्र लगेच दाखवा.

कोडग्रस्त_पण_मस्त :
हुश्श. म्हणजे अल्बममधले फोटो तेवढे बदलून घ्यावे लागणार.